पाय कुणी धरायचे

बाळाला लस टोचताना त्याचे पाय कुणी धरायचे, हा प्रश्न आमच्या घराण्यात अजून सुटलेला नाही. पुरुषमंडळींना नेमकं त्याच वेळी गाडी नीट लावली आहे का ते बघायचं असतं. आजोबांना फोन येतो. उरतात बायका, आणि त्यांतली जी आई असेल तिच्याकडे सगळ्या बघतात. "गुडघ्याच्या वर घट्ट धरा हं, हलू देऊ नका," नर्सबाई सांगतात. ज्या हातांनी सकाळी तेल जिरवलं, त्याच हातांनी आता जखडून ठेवायचं. सुई नर्सबाईंच्या हातात असते, पण बाळ किंचाळतं ते आईच्या तोंडाकडे बघत. लसीकरणावरचे सगळे वाद, लेख, आकडे मला नंतरचे वाटतात. खरी धाकधूक सुरू होते ती इथे, या धरण्यापाशी.

माझी मुलगी ठाण्याला असते. नात दीड महिन्याची झाली त्याच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. दीड महिन्याची लस म्हणजे मोठंच प्रकरण असतं. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिबचा जंतू अशा पाचांवरचं मिळून पेंटाव्हॅलंटचं इंजेक्शन एका मांडीत, न्यूमोकॉकलचं दुसऱ्या मांडीत, पोलिओचं छोटंसं दंडात. शिवाय तोंडातून पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसचा डोस. एवढ्याशा जिवाला टोचायला आणखी जागाच उरत नाही. लस द्यावी की नाही, हे लेकीनं मला विचारलंच नाही. ते तिचं ठरलेलं होतं. तिनं विचारलं ते वेगळंच.

"आई, देऊन काही झालं तर ते मी केलेलं असेल ना?"

"आणि न देता काही झालं तर?"

ती जरा थांबली. "ते झालेलं असेल."

यात तर्काची खोट आहे हे तिला कळत होतं. बँकेत कर्जाच्या फायली तपासणारी मुलगी आहे ती. न केलेल्या गोष्टीचीही जबाबदारी येते हे तिला मी शिकवायला नको. पण रात्री साडेदहाला मांडीवर बाळ असताना तर्क फार पुढे जात नाही.

त्या रात्री मला माझी आजी आठवली. तिच्या पाठची दोन भावंडं देवीच्या साथीत गेली. ती सांगायची तेव्हा आवाजात दुःख असे, पण कुणाला बोल लावलेला मी कधी ऐकला नाही. घरात देवी आली की दाराला कडुनिंबाचे डहाळे लागत, स्वयंपाकघरात फोडणी बंद होई, आणि आजाऱ्यापुढे मोठ्यानं बोलायचीही चोरी. त्या पोराच्या अंगात साक्षात देवी वस्तीला आलेली. तिला औषध कसलं द्यायचं? तिची मनधरणी करायची. ती गेली तर तिची कृपा, पोराला घेऊन गेली तर तिची मर्जी. त्याआधीच, पाचवीच्या रात्री, सटवाई येऊन कपाळावर काय लिहायचं ते लिहून गेलेलं असे. पाळण्यापाशी कोरा कागद न् लेखणी ठेवण्यापलीकडे त्यात आईचा हात नव्हता. मुलं मरत होती, भयंकर संख्येनं मरत होती, पण आईच्या माथी दोष येत नव्हता. या व्यवस्थेत एक क्रूर दिलासा होता, आणि तो आपण गमावला आहे, असं मला अनेकदा वाटतं. गमावला हे बरंच झालं. पण गमावला आहे.

तो जायला सुरुवात झाली तीही आपल्याकडेच. १४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीवरची गोस्तनाची लस टोचली गेली. हिंदुस्थानात ती यशस्वीपणे लागलेली पहिली. लस आली होती बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत, एका दंडातून दुसऱ्या दंडात. ती बाटलीत टिकत नसे. टोचलेल्या मुलाच्या दंडावर फोड आला की आठव्या दिवशी त्यातला द्रव काढून पुढच्या मुलाला टोचायचा. ॲनाच्या दंडातून ती आधी मुंबईतल्या मुलांना मिळाली, मग पुण्याला आणि दूर दूर गेली. त्या मुलीविषयी डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे की ती मोठ्या गोड स्वभावाची होती. न रडता हात पुढे करणारं लेकरू डॉक्टरांना तेव्हाही आवडत असणार.

पुढच्या दशकांत टोचणारे गावोगाव फिरू लागले आणि आयाबाया मुलं लपवू लागल्या. आजी म्हणायची, टोचणारा वेशीत दिसला की पोरं कणगीत जात. आपण हे अडाणीपणाचे किस्से म्हणून हसत सांगतो. पण त्या आयांच्या जागी बसून बघावं. मुलाला एकदा टोचलं. आठवड्यानं तोच माणूस परत येणार, सुजलेला दंड पुन्हा उकलणार आणि त्यातला द्रव कुणा अनोळखी मुलासाठी नेणार. आपल्या पोराला मिळालेला द्रव कुणाच्या अंगातला, हेही सांगणार नाही. त्यात जातीची शिवाशीव होती, ती धिक्कारण्याजोगीच होती. पण तेवढंच नव्हतं. एका मुलाच्या अंगातला दुसरा एखादा आजारही त्या द्रवाबरोबर जाऊ शके, आणि ही भीती निराधार नव्हती. म्हणूनच पुढे वासरांवर लस वाढवण्याची पद्धत आली. १८७७ साली मुंबई शहरात टोचणं कायद्यानं सक्तीचं झालं. आईबापांना विचारण्याचा प्रश्न सरकारनं आपल्यापुरता तरी मिटवला.

तो असा मिटत नाही. स्वतःच्या मुलावर आपली मतं लादण्याचा आईबापांना हक्क काय, हा प्रश्न गांधीजींनी आत्मकथेत स्वतःलाच घातलेला आहे. १९०२ साली मुंबईत दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. गांधीजींनी नकार दिला आणि ओल्या चादरीत गुंडाळण्याचा जलोपचार सुरू केला. ताप उतरेना तेव्हा घाबरलेला हा बाप मुलाला आईपाशी सोपवून चौपाटीवर रामनाम घेत फिरत राहिला. मणिलाल वाचला. हे पाणी होतं की ईश्वर, याचा निवाडा गांधीजींनी वाचकावर सोडला. हे प्रकरण मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला महात्मा दिसत नाही, एक धास्तावलेला बाप दिसतो, आणि तो मला आवडतो.

पण दुसरी गोष्ट मला इतक्या सहज वाचता येत नाही. टोचण्याला गांधीजींचा विरोध होता. वासराच्या अंगावर वाढवलेला तो द्रव त्यांना अपवित्र वाटे, आणि तसं त्यांनी आरोग्यावरच्या पुस्तकात कडक शब्दांत लिहिलं होतं. १९३० च्या सुरुवातीला साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ शिरली. आश्रमातली मुलं दगावली. त्यांत पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. खरे म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. आश्रमाच्या प्रार्थनेला सूर त्यांचा, 'आश्रम भजनावली' त्यांनी सिद्ध केलेली. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली तेव्हा खरे त्या तुकडीत होते. मुलगा जाऊन फार दिवस झालेले नव्हते, आणि हा माणूस भजनं सांगत चालत होता.

इतिहासाची पुस्तकं त्यांच्याबरोबर दांडीला जातात. माझं मन मागे आश्रमातल्या त्या खोलीत घुटमळतं. ज्यांना टोचून घ्यायचं होतं त्यांना गांधीजींनी दंडाला धरून अडवलं नसतं, हे मला मान्य आहे. पण बापूंना जे अपवित्र वाटतं ते आपल्या मुलाच्या दंडात घालायला उठणारी आई त्या आश्रमात किती जोराची असावी लागली असती! मुलांच्या मरणानं गांधीजी हलले, मत मात्र त्यांनी सोडलं नाही. तत्त्व त्यांचं होतं आणि खाट दुसऱ्याच्या घरातली होती. मणिलालच्या वेळी निदान दोन्ही एकाच घरातलं होतं.

लसीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचीही एक खोड मला आवडत नाही. भीती म्हटली की ती अज्ञानातून आलेली असणार, असं ते धरूनच चालतात. मुंबईत प्लेगची लस करणारे हाफकिन घ्या. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. यापेक्षा प्रामाणिकपणा तो कोणता? आणि १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात त्यांची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली. हाफकिनना कामावरून दूर केलं गेलं. ती बाटली गावात उघडताना दूषित झाली, खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे मान्य होऊन त्यांच्यावरचा डाग पुसला जायला १९०७ साल उजाडलं. आज परळच्या संस्थेला त्यांचं नाव आहे. मुलकोवालच्या त्या १९ घरांना मात्र लस निर्दोष होती आणि चिमटा दोषी होता, या निष्कर्षाचा काय उपयोग झाला असेल?

हे शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून द्यावं, तर ३१ जानेवारी २०२१ आहे. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पोलिओच्या रविवारी १२ मुलांना थेंबांऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं उलट्या करू लागली, दवाखान्यात दाखल झाली आणि सुदैवानं सगळी बरी झाली. त्या दिवशी त्या बारा आयांनी सांगितलं होतं ते सगळं केलं होतं. वेळेवर आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, मुलाची हनुवटी धरून तोंड उघडलं. पुढच्या खेपेला त्यांतली एखादी जरा बिचकली, बाटली वाचून बघते म्हणाली, तर तिला लसविरोधी म्हणायचं का? मी तर म्हणेन, प्रत्येकच आईनं बाटली वाचावी.

खुद्द लसीतही दोष असतोच कधी कधी, तोही लपवण्यासारखा नाही. तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या थेंबांत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. क्वचित तो दुबळेपण टाकून देतो आणि ज्याला वाचवायचं त्यालाच लुळं करतो. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब २७ लाख डोसांमागे एक असा आहे. हे प्रमाण नगण्य वाटतं. त्या एका घरात नगण्य नसतं. अमेरिकेत १९९८ साली रोटाव्हायरसची पहिली लस आली, तिच्यानं काही बाळांचं आतडं एकात एक शिरून अडतं असं दिसलं आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली गेली. हे मी लेकीला मुद्दाम सांगितलं. तिला वाटलं मी घाबरवतेय. माझं म्हणणं उलट होतं: दोष शोधायला कुणी बसलेलं आहे आणि सापडला की लस काढून घेतली जाते, हे कळल्यावर मला उरलेल्या लसींचा जास्त भरवसा वाटतो. उलट १९९८ सालीच लंडनहून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीनं स्वमग्नता येते अशी हूल उठली, ती १२ मुलांच्या एका निबंधावरून. तो निबंध २०१० साली नियतकालिकानं रद्द केला. हूल रद्द करायची सोय कुठल्याच नियतकालिकाकडे नाही. ती माझ्या भिशीच्या ग्रुपवर गेल्या दिवाळीतही आली होती, खाली हात जोडलेल्या चित्रासह.

पोलिओचा हिशेब दुसऱ्या बाजूनंही मांडायला हवा. माझ्या शाळेत प्रत्येक वर्गात एखादं मूल कॅलिपर लावून येई. आम्हाला त्याचं नवल नव्हतं. वर्गात फळा असतो तसं ते होतं. २००९ सालीही देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण सापडला तो १३ जानेवारी २०११ ला, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात. माझ्या लेकीनं पोलिओ झालेलं मूल आयुष्यात पाहिलेलं नाही. तिच्यापुढे बसून सौदा करायला तो आजारच हजर नाही. हजर आहे ती फक्त सुई आणि उद्या येणारा ताप.

आता या तापाविषयी. पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचा जो भाग असतो तो अख्ख्या मारलेल्या जंतूंचा असतो. त्यानं ताप येतो, मांडी लालबुंद होते, गाठ येते, मूल रात्रभर किरकिरतं. खासगी दवाखान्यांत यावर उपाय म्हणून 'पेनलेस' मिळतं. त्यात जंतूचे निवडक तुकडेच असतात, त्यामुळे त्रास कमी. किंमत मात्र काही हजारांत, आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण जुन्या लसीपेक्षा लवकर ओसरतं. लेकीच्या सोसायटीत 'पेनलेसच घेतलं ना?' हा प्रश्न बाळाचं नाव काय ठेवलं याच्या आधी विचारतात. मध्यमवर्गाचा लसविचार बराचसा इथे येऊन थांबतो. मुलाचं दोन दिवसांचं रडणं आपण पैसे मोजून टाळू शकतो, याचं समाधान मोठं असतं. जावईबापू पेनलेसच्या बाजूचे होते. डॉक्टरांनी दोन्हींचं बरंवाईट नीट सांगितलं आणि निर्णय तुमचा म्हणाले. लेक घरी येऊन वैतागली, "निर्णय तुमचा म्हणतात! मग त्यांना फी कशाची दिली?" मला हसू आलं, पण तिचं खरं होतं. तिला त्या क्षणी माहिती नको होती. कुणीतरी अर्धा भार उचलायला हवा होता. शेवटी तिनं सरकारी यादीतलीच साधी लस घेतली, आणि दोन रात्री आम्ही आळीपाळीनं जागलो.

ताप हा ज्यांच्यासाठी दोन रात्रींचं जागरण नसतो, त्यांच्याविषयी बोलायला हवं. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला गोवराची साथ उसळली, मालेगाव, भिवंडीतही. मुलं मेली. गोवर हा जवळजवळ सगळ्यांत वेगानं पसरणारा आजार. एक रुग्ण बारा ते अठरा जणांना देऊ शकतो. तो थोपवायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, कारण त्याआधी आईकडून आलेलं संरक्षण लस लागू देत नाही, आणि ते मात्र हळूहळू विरत जातं. म्हणजे सहा-सात महिन्यांचं बाळ मधल्या काळात उघड्यावरच असतं. त्याच्याभोवती आडोसा उभा राहतो तो शेजारच्या मोठ्या मुलांच्या दंडांचा. गोवंडीत तो आडोसा इतका फाटलेला होता की सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली.

टीव्हीवर तेव्हा 'लसीबद्दल गैरसमज' हे दोन शब्द सारखे ऐकू येत. गैरसमज होतेच. पण करोनात लसीकरणाची सत्रं विस्कळीत झाली होती, गावी गेलेली कुटुंबं परतली तेव्हा कार्ड हरवलं होतं, खोली बदलली होती. आणि ताप होता. रोजंदारीवरच्या बाईला मूल तापलं की दुसऱ्या दिवशी खाडा. खाडा म्हणजे पैसे कापले. शिवाय सासू म्हणणार, चांगलं हसतंखेळतं होतं, नेऊन टोचून आणलं आणि पाडलं आजारी. दोष पुन्हा तिच्याच माथी. आरोग्यसेविकांना प्रशिक्षणात चार गोष्टी सांगायला शिकवतात: कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवा. यातली दुसरी गोष्ट गर्दीत सगळ्यांत आधी गळते, आणि माझ्या मते खरं काम तीच करते. ताप येणार, हे बाईंनी आधी सांगितलेलं असलं की तो ताप बाईंचा होतो. न सांगता आला की तो आईचा.

आमच्याकडे कामाला येते तिचं धाकटं नऊ महिन्यांचं झालं, तेव्हा मी विचारलं, गोवराचं टोचलंस का? म्हणाली, शनिवारी नेणार आहे. मला वाटलं चालढकल करतेय. लसीकरण तर बुधवारीही असतं, मी म्हटलं. तिनं भांडं विसळता विसळताच सांगितलं की आशाताईनं शनिवारचं केंद्र शोधून दिलंय, कारण रविवारी नवरा घरी असतो. पोर किरकिरलं तर अर्धी रात्र त्याची, अर्धी हिची. सोमवारी कामाला यायचं असतं ना. आणि सासूला काय सांगायचं, तेही ठरलं होतं: टोचायला दोघांनी मिळून नेलं होतं म्हणून.